टोपी डोक्यावर असेल तर खरं

काकांच्या स्वयंपाकघरात अमेरिकन फुटबॉलचा डाव मांडला जायचा तेव्हा समोरचा संघ हरभऱ्यांचा असायचा आणि आमचा राजम्याचा. चेंडू म्हणजे एक सुपारी. काका उभ्यानेच, चष्मा कपाळावर चढवून, राजमे बोटाने पुढे सरकवायचे आणि हरभऱ्यांना शिव्या द्यायचे. त्यांची बायको जर्मन. मी तिला काकूच म्हणायचे. ती दारात येऊन जर्मनमध्ये विचारायची, "काय मग, झालं का? हरभरे भिजत घालायचेत मला." काका म्हणायचे, "थांब गं, तिसरी खेळी आहे." मग डाव अर्ध्यावर टाकून समोरचा संघ पाण्यात जायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची उसळ खायचो.

ते माझे कुणी काका नव्हते. मी मास्टर्ससाठी जर्मनीत कार्ल्सरूहेला आले तेव्हा सुरुवातीलाच एकदा ट्रामच्या थांब्यावर आईशी फोनवर बोलत होते. जेवण नीट होतं, मैत्रिणी झाल्यात, वगैरे. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "एकही मैत्रीण झालेली नाही. आवाजावरून कळतं."

वळून पाहिलं. लोकरीची बंडी, तिच्यावर कुठल्याशा संघाचं जाकीट, डोक्यावर विटलेली निळी टोपी, हातात सायकल. मी लाजेने लाल झाले. ते म्हणाले, "इथे मराठी कुणाला कळत नाही असं समजून बोलू नये, पोरी. कुणीतरी असतंच. चल, जेवायला चल. आणि सर-बिर नको, काका म्हण."

मी गेले. माझ्यासारखी मुलगी अनोळखी माणसाच्या घरी जेवायला गेली, यावरूनच तेव्हा मी किती एकटी होते ते कळावं.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, मराठी घरापुरती. काका म्हणायचे, "तू इंग्रजीत विचार करतेस, मराठीत बोलतेस आणि जर्मनमध्ये गप्प बसतेस." खरं म्हणजे मी तिन्हीत गप्प बसायचे. जर्मन मला समजत होतं, बऱ्यापैकी लवकर समजायला लागलं होतं. फक्त बोलायची वेळ आली की वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

काका तरुणपणी इंजिनिअर म्हणून इथे आले तेव्हा शहरात अमेरिकन सैनिकांची छावणी होती. रविवारी सैनिक हा खेळ खेळायचे आणि काका कुंपणाला टेकून बघायचे. एक दिवस त्यांना माणूस कमी पडला. एवढंच त्यांचं प्रशिक्षण. छावणी गेली, सैनिक गेले, नोकरीतून काकाही निवृत्त झाले, पण मधल्या काळात शिकवायला मिळालेलं विद्यापीठाच्या संघाचं आक्रमण त्यांच्याकडे राहिलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू लांबुळका असतो आणि पायाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. आक्रमण करणाऱ्या संघापुढे दोनच वाटा: चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर गर्दीच्या डोक्यावरून लांब फेकायचा. धाव किंवा पास. यातलं काय येणार आहे हे समोरच्याला आधी कळलं की खेळ संपला.

काकांचं वाक्य ठरलेलं होतं: "आधी जमीन, मग आभाळ." त्यांच्या राज्यात आभाळाची पाळी जवळजवळ यायचीच नाही. धाव, धाव, पुन्हा धाव. पुढे उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड मुलांना त्यांनी मराठी शिकवलं होतं. मैदानाच्या कडेवरून ते ओरडायचे, "ढकल!" म्हणजे मधून घुसायचं. "वळ!" म्हणजे बाजूने. समोरच्या संघाला एक अक्षर कळायचं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. पाच जर्मन मुलं "धक्कल, धक्कल" करत अंगावर जाताना पाहून मला पहिल्यांदा इतकं हसू आलं होतं की कॅमेरा हलला.

कॅमेरा माझ्याकडे होता. मैदानाच्या कडेला लोखंडी परांची होती, तिच्यावर चढून मी सराव आणि सामने चित्रित करायचे आणि घरी प्रत्येक खेळी कापून वेगळी करायचे. वर वारा असायचा. खाली सगळे एकमेकांशी बोलत असायचे, ते तोंडं हलताना दिसायचं. काकांनी पहिल्याच वर्षी शब्द दिला होता, "पुढच्या हंगामात तू खाली. माझ्या शेजारी, कानाला हेडसेट लावून." मला ते किती हवं होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या हेडसेटवर बोलावंच लागतं, आणि पलीकडच्याला ऐकावंच लागतं. आठवड्यातला एक तास का होईना.

काका कुणाला शाबासकी द्यायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "बरं आहे." त्या दोन शब्दांसाठी ती पाच मुलं जीव टाकायची. उलट हाका मारायचे त्या अशा: म्हशी, दगडा, भोपळ्या. मुलांना सांगून ठेवलेलं की आमच्याकडे या वीरांच्या पदव्या आहेत. मधला खेळाडू योनास, अगदी भला मुलगा, त्याने जर्सीच्या पाठीवर आडनावाऐवजी 'Bhoplya' छापून घेतलं. एकदा तो मला म्हणाला, "तू सांग ना, नेमका अर्थ काय?" काका त्याच्या मागे उभे होते. माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "बलवान."

योनास छाती काढून गेला. काका हळूच म्हणाले, "शहाणी आहेस. घरचं घरात ठेवावं."

मलाही तेव्हा आपण कुठल्यातरी घरातले आहोत असं वाटून बरं वाटलं होतं.

त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला फ्लू झाला तेव्हा पावसात सायकल मारत मऊ भात आणि मेतकूट घेऊन आले होते आणि दारातच उभं राहून, मी शेवटचा घास खाईपर्यंत योनासच्या नकला करत होते. प्रेम होतं. फक्त त्या प्रेमात माझे सगळे शनिवार-रविवार गृहीत धरलेले असायचे. "तेवढं कापून ठेव गं, घरचंच आहे." "तेवढं लसूण सोल गं." लसूण आणि व्हिडिओ यांत त्यांना फरक वाटत नव्हता.

मग संघ सलग हरायला लागला आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने दोन नवे प्रशिक्षक आणले. दोघेही तरुण, दोघेही अमेरिकेत थोडंफार खेळून आलेले, दोघांच्याही हातात टॅबलेट. पहिल्या बैठकीत ते म्हणाले, नुसत्या धावेवर आता कुणी जिंकत नाही. अर्धी धाव, अर्धे पास. बॅलन्स. काकांना त्यांनी काढलं नाही. धावेचं काम हिवाळ्यापर्यंत तुमच्याकडे, मग बघू, एवढंच सांगितलं. काका जर्मनमध्ये "हो, हो, अगदी बरोबर" म्हणत मान डोलवत होते. घरी आल्यावर त्यांनी राजमा इतक्या जोरात सरकवला की सुपारी फ्रीजखाली गेली.

"मग बघू म्हणे! यांच्या जन्माआधीपासून मी या मैदानावर उभा आहे."

काकू जर्मनमध्ये म्हणाली, "मग आता बस जरा."

ते बसले नाहीत. मला कळत होतं की ते घाबरलेत. त्या मैदानाशिवाय त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मुलगा म्युनिकला, तो फोनवर काकांच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं द्यायचा आणि लवकर ठेवायचा.

नव्या पद्धतीत पास यायला लागले. तरी आम्ही हरतच होतो. धाव अडवली जायची, पासही अडवला जायचा. समोरच्यांना जणू आधीच कळत होतं. नव्या दोघांनी टॅबलेटवर पायांच्या जागा तपासल्या, खांदे तपासले. काही सापडेना.

मला ते वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत सापडलं. मशीन संपायची वाट बघत मी खेळ्या कापत होते. एरवी आवाज बंद ठेवून कापायचे. त्या दिवशी मशीनच्या घरघरीला कंटाळून इअरफोन लावले. आणि ऐकू आलं. धाव असली की काका मराठीत ओरडत होते. पास असला की नवे प्रशिक्षक जर्मनमध्ये आकडे ओरडत होते. दर वेळी. समोरच्यांना मराठी समजायची गरजच नव्हती. जर्मन नसलेलं काहीतरी कानावर पडलं की त्यांचे लोक पुढे झुकायचे, जर्मन आलं की मागे सरायचे. आपली भाषा कुणाला कळत नाही या भरवशावर काका प्रत्येक धावेआधी दवंडी पिटत होते.

मी नव्या प्रशिक्षकांकडे जाऊ शकले असते. मी काकांकडे गेले. मला वाटलं, त्यांचं आहे, आधी त्यांना कळावं.

त्यांनी व्हिडिओ ऐकला. एक हरभरा बोटांत फिरवत राहिले. मी पुढचंही सांगितलं: बंद करू नका. मराठीतच ओरडा, पण कधीकधी खोटं. मुलांना खूण द्या. तुमची टोपी डोक्यावर असेल तर खरं, हातात असेल तर खोटं, पास येणार.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बरं आहे," काका म्हणाले.

ते दोन शब्द मला पहिल्यांदा मिळाले होते. घरी जाताना ट्राममध्ये मी ते मनात घोळवत होते. पण त्याआधी, जिन्यात, ते आणखीही काही म्हणाले होते: "सोमवारी मीच मांडतो. तुझा आवाज बसतो चार माणसांत. आणि कुणीही बोललं तरी काय गं, घरचंच आहे."

सोमवारी ते बोलले. फार छान बोलले. म्हणाले, बरेच दिवस मला एक शंका होती. नवा मुख्य प्रशिक्षक खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "गेनियाल!" म्हणजे अफलातून. मी खिडकीपाशी प्रोजेक्टरची वायर धरून उभी होते, कारण ती सैल होती आणि सोडली की चित्र जायचं.

लीगमधून खाली जायचं की राहायचं, हे ठरवणारा सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटच्या खेळीला काकांनी टोपी काढून छातीशी धरली, एखाद्याच्या अंत्ययात्रेला उभे असल्यासारखी, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ढकल, भोपळ्या, ढकल!" समोरचे सगळे पुढे धावले. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. वरून फार सुंदर दिसलं ते. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले तेव्हा मी परांचीवर होते. शिडीवरून कॅमेरा घेऊन उतरायला वेळ लागतो. मी खाली पोचले तोवर मिठ्या संपल्या होत्या.

हंगामाच्या शेवटी मैदानावरच ग्रिलिंग होतं. मी बटाट्याच्या सॅलडची वाटी घेऊन काकांच्या मागेच उभी होते. मुख्य प्रशिक्षक काकांना सांगत होता, पुढच्या हंगामात सगळे कॉल मराठीत करू, धावही आणि पासही, शिकवायचं तुम्ही. आणि कडेला तुमच्या जोडीला एक हेडसेटवाला माणूस लागेल. "ती व्हिडिओवाली कशी आहे? तुमची भाषाही येते तिला."

काका जर्मनमध्ये म्हणाले, "चांगली मुलगी आहे. पण लाजाळू. दडपणाखाली तोंड उघडणार नाही. तिला वरच बरं वाटतं. योनासच्या भावाला घ्या."

त्यांनी असं का केलं यावर मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, मी खाली आले असते तर कधी ना कधी बोलले असते. आणि बोलताना ती कपडे धुण्याची खोली आली असती.

थोड्या वेळाने ते मला शोधत आले. डोळ्यांत खरंखुरं दुःख. "खूप सांगितलं गं मी त्यांना तुझ्यासाठी. ऐकतच नाहीत. बाहेरचे लोक ते, त्यांना काय कळणार."

जर्मनमध्ये मी गप्पच असायचे, म्हणून त्यांना वाटत होतं मला ते कळलं नसेल. मी म्हटलं, "असू दे काका."

काकू पलीकडे बादलीत चिमटे धूत होती. मी वाटी ठेवायला गेले तर मान वर न करता ती मराठीत म्हणाली, "खोटं बोलला तो. तुला माहीत आहे."

तिच्या तोंडून 'नमस्कार' आणि 'बास' याशिवाय मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला मराठी येतं?"

"बोलायला कमी येतं. कळतं सगळं. सासूबाईंना फोनवर माझ्याबद्दल काय काय सांगायचा, सगळं कळायचं."

"मग त्यांना बोलला नाहीत कधी?"

ती पुन्हा जर्मनवर आली. "बोलले असते तर जपून बोलायला लागला असता. मग मला काहीच कळलं नसतं." चिमटा झटकला. "तूही सांगू नकोस." आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही, पण माझ्या लक्षात राहिलं.

प्रबंधासाठी मी आखनला गेले. निरोपाला काकांनी राजम्याचा डबा दिला. "डाव मांडत राहा." मी तो कधी शिजवला नाही आणि कधी मांडलाही नाही.

आखनच्या विद्यापीठाचाही संघ आहे. तिथल्या प्रशिक्षक बाईने मला एकच प्रश्न विचारला, "पटापट बोलता येईल?" मी हो म्हटलं. पहिले काही आठवडे माझे तळहात घामाने भिजायचे. मग भिजायचे थांबले. मी कडेला उभी राहते, जे दिसतं ते हेडसेटमध्ये सांगते, आणि ती ऐकते.

या वसंतात विद्यापीठांच्या स्पर्धेत आमचा सामना कार्ल्सरूहेशी पडला. गाडीत माझ्याभोवती सगळे झोपले होते. मी ठरवलं होतं की मराठीबद्दल काही बोलायचं नाही. आमच्या प्रशिक्षक बाईला मी कुठून आले ते माहीत होतं. कार्ल्सरूहेचे कॉल कुठल्या भाषेत असतात हे तिने विचारलं नव्हतं.

सामन्याआधी काका मैदान ओलांडून आले. तीच बंडी, तीच टोपी. थोडे वाकले होते.

"अगं, तू खाली? परांची नाही का तुमच्याकडे?"

"आहे काका. वर दुसरी मुलगी आहे."

त्यांनी माझ्या हेडसेटवर टिचकी मारली. "आता सगळंच आक्रमण माझ्याकडे आहे बघ. धाव मराठीत, पास मराठीत. 'भिंत' म्हटलं की पास. समोरचे संघ चक्रावतात. आज जिंकलो की हे दोघे मला कायमचं ठेवणार." मग आवाज खाली आणून, "तुला सगळं कळणार. पण तू बोलणार नाहीस, मला माहीत आहे. आपलं माणूस आहेस. घरचं घरात."

त्यांनी विचारलं असतं, तर मी गप्प राहिले असते. आजही मला तसंच वाटतं. "बोलू नकोस हं" एवढं जरी म्हणाले असते. पण त्यांनी विचारलं नाही. माझ्या वतीने उत्तर देऊन, पाठ फिरवून ते निघून गेले. ग्रिलजवळ दिलं होतं, तसंच.

त्यांची पहिली खेळी. काका ओरडले, "वळ!" मी टोपीकडे पाहिलं. डोक्यावर होती.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "धाव. बाहेरून."

आमच्या मुलांनी ती जागच्या जागी अडवली. पुढची खेळी, "ढकल!" टोपी हातात. "पास," मी म्हटलं. तिसरी, "भिंत!" टोपी डोक्यावर. "पास." प्रशिक्षक बाईने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि नंतर पाहणं सोडून दिलं, मी सांगेन तसं ती मुलांना उभं करत गेली. माझा आवाज बसला नाही. योनास दर वेळी चिखलातून उठायचा आणि गोंधळून आपल्या कडेकडे बघायचा. पाठीवर अजून तीच जर्सी होती.

मध्यंतरापूर्वी एका खेळीला काका ओरडलेच नाहीत. पलीकडच्या कडेला उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे ते दोघे टॅबलेटवर वाकले होते. मग काकांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि अख्ख्या मैदानावरून ओरडले, "पोरी, आपल्या माणसांशी असं वागतात का गं?"

त्यांची पाच मुलं गडबडली. हा कॉल त्यांना कुणी शिकवला नव्हता.

मी सवयीने टोपीकडे पाहिलं. डोक्यावरच होती.

हेडसेटमध्ये प्रशिक्षक बाई विचारत होती, "काय म्हणाला? लवकर सांग. धाव की पास?"

मी बटण दाबलं.

"काही नाही," मी म्हटलं. "घरचं आहे."